उमरगा नावाचं फोल्डर पायथनला का सापडत नाही

डी ड्राइव्हवर इंग्रजी लहान अक्षरांत ‘उमरगा’ असं नाव देऊन एक फोल्डर तयार करा. पायथनच्या प्रोग्रॅममध्ये त्याचा पाथ विंडोजच्या पद्धतीने लिहा: डी, कोलन, बॅकस्लॅश आणि त्याला लागून उमरगा, सगळं साध्या अवतरणात. प्रोग्रॅमची एक ओळही चालणार नाही. युनिकोडचा एस्केप अर्धवट राहिला, असा सिंटॅक्स एरर समोर येईल. या फोल्डरच्या नावात एकही स्पेस नाही. पण त्याच्या आत ‘सातबारा उतारे’ असं दुसरं फोल्डर असलं की बहुतेकांचा संशय त्या दोन शब्दांमधल्या स्पेसवर जातो. मग अर्धा दिवस सगळ्या फोल्डरांच्या नावांत अंडरस्कोर घालण्यात जातो आणि एरर जागच्या जागी राहतो.

तालुक्याच्या गावी पायथन शिकणाऱ्यांचं पहिलं खरं काम बहुधा फाइलींचंच असतं. सेवा केंद्रात अर्जांचे स्कॅन साठलेले असतात, शाळेच्या कार्यालयात निकालपत्रकं असतात, पतसंस्थेत कर्जप्रकरणांची कागदपत्रं असतात. २०२३ पासून मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून गावनिहाय जुन्या कागदांचे स्कॅनही अनेकांच्या संगणकात आले. या सगळ्या फाइलींना माणसांनी माणसांसारखी नावं दिलेली असतात. ‘एकोंडी जहागीर फेरफार’, ‘जवळगा बेट आठ-अ’, ‘उत्पन्न दाखला नवीन (२)’. माझं ठाम मत आहे की ही नावं तशीच राहिली पाहिजेत. ज्यांची कागदपत्रं आहेत त्यांना ती नावं वाचता येतात. प्रोग्रॅमच्या सोयीसाठी ती मोडायचं कारण नाही. पायथनला स्पेस चालते, आणि अगदी सुरुवातीपासून चालत आलेली आहे.

(या लेखात कमांडांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच पायथनमधल्या स्पेलिंगने लिहायची.)

आधी उमरग्याचा प्रश्न सोडवू. अवतरणात बॅकस्लॅश दिसला की पायथन त्याच्या पुढच्या अक्षराला वेगळा अर्थ देतो. पुढे इंग्रजी लहान यू असेल, तर त्याच्यामागे हेक्साडेसिमल पद्धतीचे चार अंक येतील अशी त्याची अपेक्षा असते. मोठा यू असेल तर आठ. ‘उमरगा’मध्ये यूनंतर एम येतो आणि तिथेच गाडी अडते. विंडोजच्या ‘यूजर्स’ फोल्डरचा पाथ लिहिताना जगभरच्या नवशिक्यांना हाच एरर येतो, कारण ते नाव मोठ्या यूने सुरू होतं.

उमरगा निदान लगेच ओरडून सांगतो. उमरगा तालुक्यातली बाकीची काही गावं गुपचूप दगा देतात. इंग्रजी लहान अक्षरांत लिहिलेल्या तुरोरी किंवा तलमोडच्या आधी बॅकस्लॅश आला की ‘टी’चा टॅब होतो. नारंगवाडी आणि नाईचाकूरच्या ‘एन’ची नवी ओळ होते. बलसूरच्या ‘बी’चा बॅकस्पेस होतो. यांपैकी कुठेही प्रोग्रॅम लिहिताना तक्रार होत नाही. तो चालू होतो आणि मग फाइल सापडली नाही म्हणतो, किंवा विंडोज त्या नावालाच अवैध ठरवतं. मुरूम आणि गुंजोटी मात्र आज चालून जातात, कारण ‘एम’ आणि ‘जी’ यांना बॅकस्लॅशनंतर खास अर्थ नाही. पायथन ३.१२ पासून तिथेही ठळक इशारा दिसू लागला आहे, आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत त्याचा थेट एरर होईल असं पायथनच्या अधिकृत माहितीतच लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘माझ्या गावाचं चालतं’ म्हणून कुणी निश्चिंत राहू नये.

अंकांचंही असंच आहे. इंग्रजी अंकांत ‘7-12 उतारे’ असं फोल्डर असेल, तर बॅकस्लॅश आणि सात मिळून संगणकाच्या घंटीचं चिन्ह होतं. शाळेतल्या ‘12वी निकाल’ची नवी ओळ होते आणि ‘10वी निकाल’चा बॅकस्पेस होतो, कारण इथले अंक अष्टमान पद्धतीने वाचले जातात. त्या पद्धतीत आठ हा अंकच नसल्याने ‘8अ’चं फोल्डर उघडतं. म्हणून एकाच टेबलावरच्या एकाच प्रोग्रॅमला आठ-अ सापडतो आणि सातबारा सापडत नाही, आणि कारण समजेपर्यंत माणूस चक्रावून जातो. देवनागरी अंक किंवा देवनागरी नावं असतील तर यातलं काही घडत नाही. बॅकस्लॅशबद्दलचा इशारा तेवढा दिसतो.

उपाय सोपा आहे. पायथनमध्ये पाथ लिहिताना साधा स्लॅश वापरा, विंडोजवरही तो चालतो. विंडोजमधून पाथ उचलून चिकटवायचा असेल तर अवतरणाच्या आधी आर हे अक्षर लावा, म्हणजे बॅकस्लॅशचा खास अर्थ निघून जातो. फक्त अशा आर लावलेल्या मजकुराचा शेवट एकट्या बॅकस्लॅशने करता येत नाही, म्हणून फोल्डरच्या पाथनंतरचा शेवटचा बॅकस्लॅश काढून टाका. प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहिण्याची तिसरी पद्धतही आहे. तीत एखादा सुटतोच, म्हणून मी ती सुचवत नाही.

त्याहून चांगली सवय म्हणजे पाथलिब. पायथन ३.४ पासून ते पायथनसोबतच येतं, वेगळं घ्यावं लागत नाही. मूळ फोल्डर एकदाच ‘पाथ’मध्ये ठेवायचं आणि पुढचे तुकडे भागाकाराच्या चिन्हाने जोडायचे: मूळ / "जवळगा बेट" / "आठ अ.पीडीएफ". प्रत्येक तुकडा आपापल्या अवतरणात अखंड राहतो, त्यातल्या स्पेसकडे कुणी पाहतही नाही. चल नावं देवनागरीत लिहिलेली पायथन ३ ला चालतात, तेव्हा ‘मूळ’, ‘गाव’, ‘उतारा’ अशी नावं खुशाल वापरा. मूळ फोल्डर प्रोग्रॅममध्ये एकाच जागी लिहिण्याचा फायदा आपल्या जिल्ह्याला नीट ठाऊक असायला हवा. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये जुनं नाव पन्नास ठिकाणी लिहिलेलं असेल त्यांना पन्नास ठिकाणी दुरुस्ती करावी लागली असेल.

स्पेस खरी कुठे अडते

पायथन स्वतः फाइल उघडतो, वाचतो, कॉपी करतो, तोवर स्पेसचा काहीच त्रास नाही. त्रास सुरू होतो तो पायथनने पाथ दुसऱ्या कुणाच्या हातात दिला की. हा दुसरा म्हणजे विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट किंवा लिनक्सचा शेल. या दोघांची रीत अशी की स्पेस दिसली की एक शब्द संपला.

उदाहरण टेसरॅक्टचं घेऊ. स्कॅन केलेल्या कागदावरचा मजकूर वाचून देणारा हा मोफत प्रोग्रॅम आहे आणि त्याला मराठी वाचता येतं. गावनिहाय स्कॅन ठेवणाऱ्या कुणालाही तो उपयोगी पडेल. विंडोजवर तो सहसा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये बसतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच पाथमध्ये स्पेस. त्यात आपली फाइल ‘एकोंडी जहागीर पान १’. नवशिका माणूस हे सगळं अधिक चिन्हाने जोडून एक लांब ओळ करतो आणि ओएस.सिस्टमला देतो. कमांड प्रॉम्प्ट पहिल्या स्पेसला थांबतो आणि सांगतो, सी ड्राइव्हवरचा ‘प्रोग्रॅम’ नावाचा कुठलाही आदेश मला माहीत नाही.

मग माणूस दोन्ही पाथांभोवती डबल कोट लावतो, आणि तरीही तोच एरर येतो. इथे बरेच जण हात टेकतात, म्हणून कारण सविस्तर सांगतो. ओएस.सिस्टम ती ओळ विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला देतो. ओळीची सुरुवात डबल कोटने होत असेल आणि ओळीत दोनपेक्षा जास्त कोट असतील, तर कमांड प्रॉम्प्ट सगळ्यात पहिला आणि सगळ्यात शेवटचा कोट काढून टाकतो. तुम्ही नीट लावलेली दोन जोड्यांची अवतरणं अशी बाहेरून सोलली जातात आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ पुन्हा उघड्यावर पडतं. तुमची चूक नसते. तो रस्ताच चुकीचा असतो.

बरोबर रस्ता सबप्रोसेस.रन हा आहे, आणि त्याला एक ओळ न देता यादी द्यायची. चौकोनी कंसात पहिला घटक टेसरॅक्टचा पूर्ण पाथ, दुसरा स्कॅनचा पाथ, तिसरा जिथे मजकूर लिहायचा त्या फाइलचं नाव, पुढे भाषेसाठी उणे एल आणि मराठीसाठी एमएआर ही दोन्ही वेगवेगळ्या घटकांत. प्रत्येक घटक स्वल्पविरामाने वेगळा, कुठेही जादा कोट नाही. कुठे काय संपतं हे यादीतच ठरलेलं असल्याने स्पेसवरून अंदाज करण्याची वेळ कुणावर येत नाही. शेल बरोबर ट्रू हे लिहू नका. चेक बरोबर ट्रू मात्र जरूर लिहा, म्हणजे टेसरॅक्टला काही जमलं नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबेल. नाहीतर शंभर पानांतली वीस रिकामी राहिली तरी शेवटपर्यंत कळत नाही.

यादीची सवय सुरक्षिततेसाठीही हवी. एखाद्या दुकानदाराने ‘खते & बियाणे बिल’ असं फाइलला नाव दिलं असेल, तर कमांड प्रॉम्प्ट त्या & चिन्हापाशी एक आदेश संपवून पुढचा शब्द दुसरा आदेश म्हणून चालवायला जातो. बाहेरून आलेल्या फाइलचं नाव शेलच्या ओळीत चिकटवणं म्हणजे अनोळखी माणसाला आपल्या कीबोर्डवर बसवणं. शेलेक्स.कोट नावाची एक सोय आहे, ती लिनक्ससारख्या प्रणालींच्या शेलसाठी आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर तिचा भरवसा धरू नका.

उलट दिशेनेही हीच गडबड होते. कमांड प्रॉम्प्टवरून प्रोग्रॅम सुरू करताना फोल्डरचा पाथ मागे लिहिला की ‘सातबारा उतारे’चे दोन तुकडे होऊन प्रोग्रॅमपर्यंत पोचतात. तिथे पूर्ण पाथ डबल कोटमध्ये लिहा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला सिंगल कोट कळत नाही. आणि शेवटच्या कोटच्या आधी बॅकस्लॅश ठेवू नका, कारण त्या जोडीचा अर्थ ‘हा कोट नावाचाच भाग आहे’ असा लावला जातो आणि पुढचं सगळं एकात एक अडकतं. लिनक्सच्या टर्मिनलवर टॅब दाबला की नावातल्या स्पेसच्या आधी बॅकस्लॅश आपोआप येतो. तो शेलसाठी असतो. तिथून उचललेलं नाव पायथनच्या अवतरणात जसंच्या तसं चिकटवलं तर तो बॅकस्लॅश नावाचा भाग होऊन बसतो आणि फाइल सापडत नाही.

प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी वापरायचा असेल, उदाहरणार्थ केंद्रावरच्या सहकाऱ्याने, तर त्याच्याकडून पाथ टाइप करून घेऊच नका. विंडोजमध्ये ‘कॉपी ॲज पाथ’ केलं की पाथसोबत दोन्ही बाजूंचे डबल कोटही येतात आणि इनपुटमध्ये चिकटवले की ते नावाचा भाग बनतात. स्ट्रिपने ते काढता येतात, पण त्यापेक्षा टीकेइंटरची फोल्डर निवडण्याची खिडकी उघडून द्या. विंडोजच्या नेहमीच्या पायथनमध्ये टीकेइंटर आलेलंच असतं. निवडलेला पाथ स्पेससकट नीट हातात येतो. फक्त एक काळजी घ्या. माणसाने कॅन्सल दाबलं तर रिकामा मजकूर मिळतो, आणि रिकाम्या मजकुराचा ‘पाथ’ केला की तो प्रोग्रॅमचं चालू फोल्डर दाखवतो. म्हणजे कॅन्सल दाबल्यावर प्रोग्रॅम भलत्याच फोल्डरमधल्या फाइलींवर हात चालवू लागेल. निवड रिकामी असेल तर लगेच थांबायचं, ही ओळ विसरू नका.

आपल्या नावांतली खास वळणं

स्पेसपेक्षा मराठी नावांतली दुसरी चिन्हं जास्त नुकसान करतात. पहिलं सातबाऱ्यातला स्लॅश. एक्सप्लोररमध्ये ‘7/12’ असं नाव टाइपच होत नाही, त्यामुळे हाताने काम करणाऱ्याला हे कधी कळत नाही. पण एक्सेलच्या यादीतून नाव उचलून पायथन फाइल करत असेल, तर ‘7/12 उतारा’ म्हणजे ‘7’ नावाच्या फोल्डरमधली ‘12 उतारा’ ही फाइल. ते फोल्डर नसेल तर एरर येतो. नसलेली फोल्डरं आपोआप तयार करा असं तुम्ही लिहून ठेवलं असेल तर एररही येत नाही, सातबारे शांतपणे सात नंबरच्या फोल्डरात जमा होतात. तारखेतल्या स्लॅशचंही तेच. यादीतून आलेल्या नावातला स्लॅश आधी आडव्या रेघेने बदला, मगच पाथ जोडा.

कोलन त्याहून घातक. ‘विषय: रस्ता मागणी’ या नावाने विंडोजवर पायथनने फाइल लिहिली तर फोल्डरमध्ये ‘विषय’ नावाची शून्य आकाराची फाइल दिसते. मजकूर तिच्याच मागे, कोलननंतरच्या नावाच्या एका छुप्या कप्प्यात जातो. ती फाइल पेनड्राइव्हवर नेली की तो मजकूर सहसा मागेच राहतो.

गावांच्या नावापुढचे ‘बु.’ आणि ‘खु.’ यांच्याकडेही लक्ष द्या. नावाच्या शेवटचा टिंब आणि शेवटची स्पेस विंडोज काढून टाकतं. ‘बु.’ने संपणारं फोल्डर तयार केलं की ते ‘बु’ने संपतं. पायथनने ते उघडायला गेलात तर उघडेल, कारण त्या वेळीही टिंब गळतो. पण फोल्डरांची नावं वाचून तलाठ्याच्या यादीशी जुळवायला गेलात तर सगळी बुद्रुक आणि खुर्द गावं ‘यादीत नाहीत’ अशी निघतील. जुळवणीआधी दोन्हीकडचे शेवटचे टिंब काढा.

टिंबाचा आणखी एक प्रकार असा आहे की त्यात फाइली जातात. विस्तार बदलण्यासाठी पाथलिबमध्ये विथ सफिक्स आहे. ‘अर्ज क्र. १२’ या नावाला पीडीएफ विस्तार लावायला ते वापरलं, तर शेवटच्या टिंबापासूनचं सगळं विस्तार समजून काढलं जातं आणि उरतं ‘अर्ज क्र.पीडीएफ’. तेरा नंबरचा अर्जही ‘अर्ज क्र.पीडीएफ’ होतो आणि बाराव्यावर लिहिला जातो. दोनशे अर्जांची शेवटी एक फाइल उरते. ज्या नावांना मुळात विस्तार नाही तिथे नावाच्या मजकुराला सरळ विस्तार जोडा.

कधी कधी नाव डोळ्यांना अगदी तेच दिसतं, तरी पायथन म्हणतो फाइल नाही. वर्ड किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या नावात साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस असू शकते. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो, एकीत अर्ध्या ऱ अक्षराने आणि दुसरीत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर फरक शून्य, संगणकाला ती दोन वेगळी नावं. संशय आला की नाव ‘रेप्र’मध्ये घालून छापा, न तुटणारी स्पेस आणि अदृश्य जोडचिन्ह दोन्ही तिथे क्रमांकाच्या रूपात उघडी पडतात. स्पेसांसाठी नाव रिकाम्या स्प्लिटने तोडून एका साध्या स्पेसने पुन्हा जोडा, सगळ्या तऱ्हेच्या स्पेस सरळ होतात. ‘ऱ्य’साठी युनिकोडडेटाचं नॉर्मलाइज पुरत नाही, र, हलन्त, जोडचिन्ह हा तुकडा ऱ आणि हलन्त यांनी स्वतः बदलून घ्यावा लागतो.

हे सगळं दुरुस्त केलेलं नाव जुळवणीसाठी वापरा. मूळ फाइलचं नाव त्यासाठी बदलू नका, कारण शेतकरी उद्या त्याच नावाने ती मागायला येणार आहे. एखादं पोर्टल स्पेस किंवा मराठी अक्षरं असलेली फाइल घेत नसेल तर शटिलच्या कॉपी२ने वेगळ्या फोल्डरमध्ये साध्या नावाची प्रत करा, तीच अपलोड करा आणि कुठली प्रत कोणत्या मूळ फाइलची हे एका सीएसव्हीत लिहून ठेवा. सीएसव्ही लिहिताना पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल वापरा. नावं स्पेसने जोडून साध्या ओळीत ठेवली की परत वेगळी करता येत नाहीत.

फाइली लिनक्सच्या संगणकावर न्यायच्या असतील तर नावांची लांबीही तपासा. तिथे एका नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेतं. म्हणजे सुमारे ८५ चिन्हांत नाव संपायला हवं. विंडोजवर यापेक्षा लांब नाव सहज बसतं आणि कॉपी करताना मध्येच अडतं. नाव यूटीएफ-८मध्ये एन्कोड करून त्याची लांबी मोजणारी एक ओळ कॉपीच्या आधी चालवा आणि २५५च्या पुढे गेलेल्या नावांची यादी छापून घ्या. ती नावं हाताने, कागद समोर ठेवून आखूड करा.